आरसे मिटून

सन्मती म्हणाला, घ्यायची तर मोठीच घेऊ की.
दहा फुटी हौदा, सतराशे किलोचं पासिंग,
समोर उभं राहिलं की बॉनेट माझ्या छातीला लागतं.
मधली आठ फुटी. बाराशे.
हप्त्यात फरक चार हजार सहाशेचा,
तो त्यानं मोबाईलवर काढून दाखवला
आणि मोबाईल पटकन खिशात घातला.

आम्ही उद्यमनगरात कोअर करतो.
वाळू, तेल, भट्टी, सहा बायका.
ओतीव लोखंडात जिथं भोक हवं
तिथं आधी आमची वाळू जाऊन बसते,
लोखंड तिच्याभोवती थिजतं,
मग तिला ठोकून ठोकून बाहेर काढतात.
बिलावर मी नग लिहिते,
पण एकवीस वर्षं विकते ती पोकळीच.
तेव्हा रिकाम्या जागेचा भाव
मला कुणी नव्यानं सांगू नये.

शोरूमचा पोरगा प्रीतम, टाय बांधलेला,
म्हणाला, मॅडम, ट्रायल घ्या ना.
मी नाही, म्हटलं, हे घेतील,
आणि आमच्या खोकणाऱ्या टेम्पोतून
चाळीस कोअरचा ट्रे उतरवला.

उचगावच्या पुलाखालून वळसा,
सर्व्हिस रोडचे तीन गतिरोधक, आणि परत.
मोठीत नऊ फुटले.
मधलीत दोन.
सन्मतीचा चेहरा बघवेना.

तेव्हा दस्तगीर शिकलगार,
जो नुसता चहाला म्हणून आला होता,
मोठीच्या खाली वाकून बघून म्हणाला,
"वैनी, हिच्यावर अन्याव हुतोय.
उपाशी हाय ती. पाटे ताठ हायत तिचे.
टाका की पोटात कायतरी."

शेजारच्या बांधकामावरून सिमेंटची दहा पोती उसनी आणली.
प्रीतमनं टाय सैल करून चार उचलली.
नवा ट्रे. तोच रस्ता.
एक नाही फुटला.
दुलईत निजवल्यासारखे चाळीसच्या चाळीस.

म्हणजे गाडीत खोट नव्हती.
आमचं काम तिला हलकं पडत होतं.

परतताना कुणी बोललं नाही.
मी मनात मोजत होते:
शिरोलीच्या दोन फाउंड्र्या, गोकुळ शिरगावची एक,
तिचा मालक दिवाळीपासून म्हणतोय, बघू.
दहा पोत्यांइतकं जास्तीचं काम
कुणाच्या दारात उभं राहून मागायचं,
आणि भट्टीपाशी सातवी बाई कोण?
इंदूची सून? तिला वाळूनं दम लागतो.

रात्री जेवून सन्मती टेप घेऊन बोळात उतरला.
मी वरून बघत होते.
इकडून तालमीच्या कट्ट्याचा दगड,
तिकडून चौगल्यांचा जिना,
मधे पिवळी पट्टी थरथरत.
"जाते!" तो ओरडला. "आरसे मिटून जाते!"

सकाळी जाताना मिटशील रे, म्हटलं.
दमून घरी येताना
रोज कान पाडून यायचं?

तो हसला नाही.
पट्टी सोडली, ती सर्रकन डबीत गेली,
आणि चौगल्यांचं कुत्रं उगीचच भुंकलं.

आज मधलीची पावती फाडली.
सही तूच कर, म्हटलं.
रंग पांढरा,
कारण पांढऱ्यासाठी थांबावं लागत नाही.

पलीकडे प्रीतम मोठीच्या हौद्यातली
आमची वाळू झाडत होता.
पत्र्याच्या पन्हळींत बसलेली, ती निघेना.
सन्मती उठला, गेला, वर चढला,
उकिडवा बसून बोटानं
एकेक रेघ साफ करत राहिला,
गाडी आपलीच असल्यासारखी,
आणि माझा चहा पार थंड होईतो
मी त्याला हाक मारली नाही.